खाच

हाक आली तेव्हा ती ओट्याशी कांदा चिरत होती, आणि तिनं मान वर केली नाही. शेजारच्या घरातला रेडिओ असेल, किंवा जिन्यावर कुणी बाई आपल्या मुलीला बोलावत असेल, असं समजून तिनं दुसरा कांदा घेतला. हाक पुन्हा आली. "ससुली." स्वच्छ, गोल, बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी. मग आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, केव्हाची हाक मारतेय. कान कुठे ठेवलेस?" सुरी हातातच राहिली. या जगात तिला ससुली म्हणणारं एकच माणूस होतं, तिची पन्नाशी उलटली तरी ते माणूस तेच म्हणत होतं, आणि आज त्या माणसाची हाक तिला आपली वाटली नव्हती. "कांद्यानं डोळ्यात पाणी आलं बघ," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. डोळ्यांचा आणि कानांचा काय संबंध, हे आईनं विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

त्याचं कारण तिला लगेच कळलं होतं, आणि तेच जास्त लागलं. आईच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. स म्हणताना त्या फटीतून एक बारीक शिट्टी निघे, आणि ससुली या शब्दात तर स दोनदा. लहानपणी खेळाच्या मैदानात वीस पोरींच्या आया वीस पोरींना हाका मारत, पण ती शिट्टी आली की तिचे पाय आपोआप घराकडे वळत. आता फट नव्हती. आईच्या तोंडात नवी कवळी होती, चौदा वर, चौदा खाली, ओळीत उभे असलेले दात, आणि ती कवळी हिनंच केली होती.

दुसरं कोण करणार? शहरातले निम्मे दंतवैद्य आपल्या रोग्यांच्या हिरड्यांचे ठसे तिच्याकडे पाठवत, आणि उरलेले निम्मे पाठवत नसत ते तिला वेळ नसे म्हणून. तळमजल्यावरच्या तिच्या लॅबमध्ये फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे रांगेनं मांडलेले असत, आणि त्यांतला प्रत्येक जबडा कुणाचा हे तिला चिठ्ठी न वाचता सांगता येई. तिची कवळी हलत नसे, टोचत नसे, बोलताना वाजत नसे. आपण चांगलं काम करतो हे ज्याला ठाऊक नाही त्याचं काम मुळात चांगलं नसतं, असं तिचं मत होतं आणि ते ती लपवत नसे. नवरा, ज्याची उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, तिला मिलीमीटर म्हणे. ही घरात शिरली की तसबिरी घाबरून आपणहून सरळ होतात, असं तो पाहुण्यांना सांगे. तिला त्यात काही लागण्यासारखं वाटत नसे. तसबीर सरळ असावी, यात हसण्यासारखं काय?

आई तिच्याकडे राहायला आली ती बोळकं घेऊनच. आधी ती धाकट्या मुलाकडे, दुसऱ्या गावी होती; तिथं एकेक दात हलत गेला आणि तिथंच कुठल्याशा दवाखान्यात सगळे काढून झाले. तोंडाचा ठसा कुणी घेऊन ठेवला नाही. फोटोंचा उपयोग नव्हता, कारण फोटोवाला दिसला की आई ओठ मिटून घेई. घरात मात्र खो खो हसायची, पार दाढा दिसेपर्यंत. म्हणजे जुने दात कसे होते हे सांगणारी वस्तू अशी जगात उरली नव्हती. तिला तेव्हा त्याची फिकीर वाटली नव्हती. जुने दात हवेच होते कुणाला? एक पुढे, एक जरा तिरका, मध्ये फट. तिनं आईला जे दात मिळायला हवे होते ते दिले. इतकं काम तिनं कुणासाठी केलं नव्हतं. दातांची छटा आईच्या डोळ्यांतल्या पांढऱ्याशी जुळवली, हिरडीचा गुलाबी रंग तीनदा बदलला, आणि शेवटी कवळी हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली तेव्हा तिला भरून आलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी आईला साठपासून पुढे आकडे म्हणायला सांगितले, कारण नवे दात नीट बसलेत की नाही हे ‘स’च्या उच्चारावर कळतं. आई शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून म्हणाली, "चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट." एक शिट्टी नाही. मग आरसा हातात घेऊन आईनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान आहेत. कुणाचे आहेत?" डॉक्टर हसले, तीही हसली. विनोद समजून हसली.

आता कांदा चिरता चिरता तिनं मागचे दिवस चाचपून पाहिले. आई कवळी घालत होती, नेमानं धूत होती, तक्रार एकही नव्हती. जेवताना छोटे घास घेत होती, पाहुणीसारखे. नवऱ्यानं काही गमतीचं सांगितलं की आई मान हलवून स्मित करायची, आणि ते स्मित फार सुरेख होतं, जाहिरातीत शोभावं असं. पण आई हसली कधी होती? मोठ्यानं, मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत? तिला आठवेना. असेल नवेपणा, तिनं स्वतःला सांगितलं. नवी चप्पलही चावते. पण तिची कवळी चावत नसे, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

दोन दिवसांनी दुपारी ती चष्मा विसरला म्हणून घरी परत आली. जिन्यातच हसू ऐकू आलं. खालच्या मजल्यापर्यंत सांडत येणारं, फुसफुसणारं, मध्येच दम लागून थांबणारं आणि पुन्हा सुरू होणारं हसू. तिनं किल्ली लावली नाही. दार लोटलेलंच होतं. आत आई आणि शेजारीण पलंगावर बसल्या होत्या, मध्ये कुणाच्यातरी झग्याचं उसवलेलं अस्तर पडलं होतं, आणि आई बोळकं तोंड उघडं टाकून हसत होती. कवळी खिडकीतल्या कपात. शेजारणीनं हिला पाहिलं, आईनं शेजारणीचा चेहरा पाहिला, आणि आईचा हात आधी तोंडावर गेला, मग कपाकडे. पाठ फिरवून तिनं दात बसवले आणि वळून म्हणाली, "आलीस?" तो स निर्दोष होता. शेजारणीला एकाएकी दूध तापत ठेवल्याचं आठवलं.

"काढून का ठेवतेस?" तिनं विचारलं. "टोचते का कुठे?"

"छे गं. लोण्यासारखी आहे."

"मग?"

"हसताना पडेल की काय असं वाटतं."

"माझी कवळी पडत नाही."

"नाही पडत," आई म्हणाली, आणि अस्तराच्या घड्या घालू लागली. "कवळी कशाला पडेल? मीच कमी पडते तिला. एवढे देखणे दात तोंडात आले की वाटतं, आता तसंच बोलावं, तसंच बसावं. हसावं तर तसलं हसू माझ्याकडे नाही. होईल सवय. तू एवढ्या कष्टानं केलीस."

चष्मा घेऊन ती बाहेर पडली. रस्ता नेहमीचाच, दुकानं, थांबा, फुटपाथवर उन्हात तापलेल्या सायकली. ती लोकांची तोंडं पाहत चालली होती; तशी ती नेहमीच पाहायची, पण मनातल्या मनात दुरुस्त करत. हा सुळा आत घ्यायला हवा, हे दोन घासायला हवेत. आज दुरुस्ती होईना. फळवाल्याचा एक दात आडवा आला होता आणि तो गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना तोच पुढे करत होता. तिला आपल्याच तोंडाची जाणीव झाली, जीभ वरच्या दातांच्या मागे जाऊन टेकली. तिथंही एकेकाळी एक फट होती, आईकडून आलेली. सशासारखे दोन दात म्हणून ससुली. शाळेत पोरी हात तोंडापुढे धरून पाला खाल्ल्यासारखं करायच्या, आणि ती रडत घरी आली की आई म्हणायची, "हसतील त्यांचे दात दिसतील. त्यांच्यापेक्षा आपले मोठे, आपले आधी दिसू दे." हे काम शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी तिनं ती फट बुजवून घेतली होती. त्या दिवशी आईनं तिची हनुवटी धरून, चेहरा उजेडाकडे वळवून नीट पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "काम सफाईदार आहे. तरी मी ससुलीच म्हणणार हं." तेव्हा ती त्यातलं फक्त सफाईदार एवढंच घेऊन गेली होती. जीभ आता त्या जागी फिरत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. चांगल्या कामाची खूणच ती, की सापडू नये.

लॅबमध्ये कुणाचातरी जबडा पुढ्यात घेऊन ती बसली, पण हात चालेनात. आई शिवणकाम करायची त्या खोलीत ती मनानं पोचली होती. यंत्र खिडकीशी, आणि यंत्राच्या समोर गिऱ्हाइकांसाठी भिंतभर आरसा, म्हणजे शिवता शिवता दारातून कोण आलं ते आईला मान न वळवता दिसावं. हिची जागा मागे, कापायच्या टेबलावर. शाळेचा अभ्यास तिथंच. मान वर केली की समोर आईची पाठ, अंबाडा, आणि पलीकडे खाली झुकलेला चेहरा, ओठांत टाचण्या. शिवण संपली की आई धागा दातांत धरून एक झटका द्यायची. कात्री शेजारीच पडलेली असे, पण कात्री उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसरी शिवण सुरू होते, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं धागा तोडून तोडून पुढच्या एका दाताला खाच पडली होती, बारीक, धाग्याच्याच जाडीची. धागा तोंडाशी नेला की आपोआप त्या खाचेत जाऊन बसायचा. जणू दातानं त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती.

आणि त्या खोलीतला तो कोट. एका कारकुनाचा, गडद निळा, खुंटीवर टांगलेला. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल; माप घ्यायला नुकतीच शिकली होती आणि दिसेल ते मापत सुटली होती. कारकून ट्रायलला आला, आणि तिनं टेप लावून मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आई, चुकलंय. एक खांदा दुसऱ्यापेक्षा जास्त आहे." कारकुनाचा हात सावकाश आपल्या एका खांद्यावर गेला, जो दुसऱ्यापेक्षा खाली होता, आणि तो जमिनीकडे बघू लागला. आईनं तोंडातला धागा तोडला. "माझंच चुकलं असेल माप घेताना," ती म्हणाली. "एकदा अंगात घालून तर बघा." कारकुनानं कोट घातला, आणि आरशात एक सरळ खांद्यांचा माणूस उभा राहिला. तो आरशापुढून हलेना. तो गेल्यावर आईनं हिला रागावलं नाही. एवढंच म्हणाली, "कपडा खुंटीवर सरळ दिसून काय करायचाय? खुंटी काय घालून फिरणार आहे?" त्या वाक्याचा तिला तेव्हा राग आला होता. माप म्हणजे माप. मोठेपणी ती कित्येकदा मनात म्हणाली होती, की आई कामात हुशार, पण तडजोड करणारी. आता समोरच्या फळीवर ओळीनं मांडलेल्या कवळ्या तिनं पाहिल्या, एकाहून एक सुबक, आणि तिला वाटलं, या सगळ्या खुंटीवर फार छान दिसताहेत.

तरी एवढ्यानं विरघळणारी ती नव्हती. कामात खोट ठेवणं तिला आजही पटत नव्हतं, आणि आईची फट ही खोट नाही असं म्हणून ती स्वतःची फसवणूकही करणार नव्हती. खोटच होती ती. फक्त ती खोट आईची होती, आणि हिनं ती न विचारता काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. दोघं तरुण होते तेव्हापासून एकत्र काम करत होते. एखादा दात जरा फिरवून बसवत जा, खरा वाटेल, असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आणि दोष मी करून देत नाही, असं ती वर्षानुवर्षं उत्तर देई.

"एका कवळीत फट ठेवायचीय," ती म्हणाली. "आणि एक खाचही पाडायचीय."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तब्येत बरी आहे ना?"

"आईच्या कवळीत."

"हं," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेत म्हणाले, "त्या दिवशी त्या म्हणाल्या, कुणाचे आहेत. मला हसायला नको होतं."

"मलाही," ती म्हणाली.

आईला तिनं सांगितलं, की कवळीला जरा पॉलिश हवंय, परवापर्यंत देते. काम सोपं होतं आणि तिला ते जड गेलं. पुढचे दोन दात सोडवायचे, थोडे दूर बसवायचे, मध्ये फट. किती? तिनं डोळे मिटून ससुली ऐकलं, फट थोडी कमी केली, पुन्हा ऐकलं. एक दात किंचित तिरका केला तेव्हा हात असे आखडले, की जणू कुणी पाहत होतं. मग खाच. तिनं आठवलं: झुकलेला चेहरा, धागा, झटका. अगदी लख्ख दिसलं. तिच्याकडे तोंड करून असलेला आईचा चेहरा, आणि धागा जायचा तो तिच्या उजव्या हाताला. म्हणजे आईचा डावा दात. शंकाच नव्हती. समोरच्याचं जे आपल्या उजवीकडे ते त्याचं डावं, हा हिशेब या धंद्यात पहिल्या दिवशी शिकतात आणि तो तिच्या हाडीमाशी खिळला होता. तिनं सर्वांत बारीक चाक लावलं, आपल्याच हातानं केलेल्या, एक ओरखडा नसलेल्या दाताच्या कडेला टेकवलं, आणि पाडली खाच. पांढरी धूळ उडाली. धाग्याचा तुकडा लावून पाहिला. चपखल बसला. इतकी नेमकी खाच दुसऱ्या कुणाला जमली नसती, हे तिच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही, आणि तिचं तिलाच हसू आलं.

रविवारी सकाळी आई खिडकीशी बसून जावयाच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. जावई पलंगावर वर्तमानपत्र घेऊन, उघडाच, सदऱ्याची वाट बघत. तिनं कप पुढे केला. आईनं कवळी उचलली, आणि उचलतानाच तिची बोटं थांबली. बोटांना आधी कळलं. अंगठा फटीवरून फिरला, तिरक्या दातावरून फिरला, खाचेपाशी गेला आणि तिथंच राहिला. आईनं मुलीकडे पाहिलं नाही. कवळी बसवली, जिभेनं चाचपली, ओठ एकदा मिटले, उघडले. आरसा मागितला नाही. गुंडीचा शेवटचा टाका घालून तिनं धागा तोंडाशी नेला आणि झटका दिला.

धागा सटकला.

आईनं पुन्हा नेला, पुन्हा झटका, पुन्हा सटकला. मग आईची जीभ आत फिरताना बाहेरून दिसली. धागा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकला, क्षणभर घुटमळला, आणि तुटला.

"उजवीकडे होती गं ती," आई म्हणाली.

तिला कळेना. मग एकदम कळलं. ती आईच्या समोर कधी बसलीच नव्हती. ती मागे बसायची, कापायच्या टेबलावर, आणि आईचा जो चेहरा तिला एवढा लख्ख आठवत होता तो आरशातला होता. आरशात उजवं उजवीकडेच राहतं. समोरासमोरचा हिशेब तिनं आरशाला लावला होता. बालपणभर बघितलेलं आईचं तोंड तिनं उलटं करून आईच्याच तोंडात बसवलं होतं. जिच्या हातून केसाएवढी चूक होत नसे, तिच्या हातून झाली होती, आणि तीही चूक मुद्दाम करायला बसली असताना. तिनं हात पुढे केला, दुरुस्तीला आलेली कवळी घेताना करायची तसा, तळवा वर. "आण इकडे. संध्याकाळपर्यंत नीट करून देते."

आई चक्क मागे सरकली. गोळी नको असलेल्या पोरासारखे ओठ मिटून घेतले, मान हलवली, आणि मग ओठांच्या आतून काहीतरी यायला लागलं, आधी नाकातून, मग खांद्यांतून. "हात लावू नकोस," आई कशीबशी म्हणाली. "तुझ्या हातून एक चूक झालेली बघायला... एवढं जगावं लागलं मला..." आणि पुढचं बोलणं हसण्यात गेलं. आई मांडीवर थाप मारून हसली, सदरा खाली पडला, फट दिसली, तिरका दात दिसला, दाढा दिसल्या, आणि हसण्याच्या मध्ये मध्ये, श्वास आत घेताना, बारीक शिट्टी वाजत राहिली. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "मिलीमीटर चुकला?" त्यानं विचारलं, आणि त्यावर आई पुन्हा सुरू झाली. ती मध्ये उभी होती, तळवा अजून पुढे. तिला लाज वाटत होती, आणि लाजेबरोबरच एक असा आनंद होत होता, की कुठे ठेवावा ते समजेना. तिचं काम कधी कुणाच्या एवढं उपयोगी पडलं नव्हतं.

"पण धागा?" ती म्हणाली. "तोडायला त्रास होईल तुला."

"जन्मभर उजवीकडून तोडला. आता डावीकडून तोडीन." आईनं पदरानं डोळे पुसले, सदरा उचलून झटकला आणि जावयाकडे भिरकावला. मग दुसरी गुंडी शोधायला डबा ओढला, दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, आणि डोळे बारीक करून नाद सोडला. "ससुली, एवढी ओवून दे."

शिट्टी पूर्वीपेक्षा जराशी जाड होती. फट केसभर जास्त झाली असावी. तिच्या कानानं ते लगेच टिपलं, हाताला ते कमी करण्याची शिवशिव सुटली, आणि तो हात तिनं सुई घेण्यासाठी पुढे केला.